हात ठेवू का

मोंढ्याच्या मागे, टायरच्या दुकानावर
माझी ही खोली. दहा बाय बारा.
हळदीचा लिलाव असला की वसमतभर धूळ उडते,
माठातल्या पाण्यालाही वास लागतो.
भिंतीवर रेकीचं प्रमाणपत्र, दुसऱ्या पायरीचं,
लॅमिनेशनच्या आत बुरशी धरलेलं.

त्याआधी एकतीस वर्षं सिस्टर होते, सरकारी दवाखान्यात.
दंड धरायचा, सुई टोचायची, पुढची.
"हालू नको गं", एवढंच बोलणं.
शिबिराच्या दिवशी शाळेच्या वर्गात
सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या बाया,
पोटावर आयोडीनचे तपकिरी डाग,
आणि कागदावर अंगठे.
कुणी कुणाचा अंगठा धरून टेकवला होता
ते मी पाहिलं होतं.
शाईचा पॅड माझ्याच हातात होता.

आता सुई नाही. शाई नाही.
नुसता तळहात, अंगापासून वीतभर वर.
त्यातून किती वाहतं, वाहतं की नाही,
मलाही नक्की ठाऊक नाही.
तरी आधी विचारते :
हात ठेवू का?

बाया गोंधळतात. दाराकडे बघतात,
जणू उत्तर देणारं माणूस बाहेर चपला काढतंय.
"ठिवा की, त्यात काय इचारायचं!"
मी थांबते.
"त्यात काय" म्हणजे हो नव्हे.

प्रयागबाई आल्या त्या पोळ्यानंतर,
गुडघे धरलेले, सुनेनं पाठवलेल्या.
मी विचारलं. त्यांनी पदर सारखा केला,
मान वर करून पंख्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "नको."
आणि दचकल्या,
आपल्याच घरात अनोळखी भांडं सापडावं तशा.
मग हसू आलं त्यांना, खोकला येईस्तोवर.
"कामून इचारायलाव बाई?
लगीन लावलं, दवाखान्यात टाकलं, ह्यो चष्मा आणला,
मला आजपोतर कुणी इचारलंच न्हाई."

तेव्हापासून दर गुरुवारी येतात.
जिना चढतात, पायरीगणिक गुडघ्याला एक शिवी.
बसतात. मी विचारते. त्या नको म्हणतात.
कधी लगेच, कधी चहा संपेपर्यंत
तो शब्द खडीसाखरेसारखा तोंडात घोळवून.
जाताना पन्नासची नोट काढतात.
कशाचे हे, म्हणते मी.
"नको म्हनायचे."

गेल्या महिन्यात पुण्याहून फोन, सभ्य आवाज.
आईसाठी लांबून ऊर्जा पाठवाल का,
फोटो टाकतो, पैसेही आत्ताच टाकतो,
फक्त तिला कळू देऊ नका, तिला यातलं समजत नाही.
फोटो आला.
तोच चष्मा. तीच वर केलेली मान.
ओळख सांगितली नाही मी.
"आईंना विचारलंत?"
"तिच्या भल्यासाठीच आहे ना, मॅडम."
भलं.
हा शब्द शिबिराच्या फलकावर होता, निळ्या रंगात.
म्हटलं, आधी त्यांना फोन करा. विचारा. मग बघू.
तो म्हणाला, दुसरीकडे बघतो.

रात्री फोटो पुसून टाकला.
पुसण्याआधी तळहात तापला होता, खोटं कशाला बोलू.
उठले, माठाखाली धरला.

परवाचा गुरुवार.
विचारलं. नको म्हणाल्या. चहा झाला.
जिन्यापाशी जाऊन माघारी वळल्या.
"बाई, उजवा खांदा वर उचलंना झालाय तुमचा.
कवापासून बघायलेय.
हात ठिवू का?"

एकतीस वर्षं आणि वर ही सहा.
मला उत्तर सापडेना.
मी दाराकडे बघितलं.
खाली टायरमध्ये हवा भरायचं मशीन
धडधडत सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.
प्रयागबाई हात स्वतःजवळच धरून
थांबल्या होत्या.