दहा काड्या, अकरा शेंगदाणे

रात्री दहाला गंगावेशीत म्हशी येतात,
त्यांच्या आधी आम्ही येऊन बसलेलो असतो.
दूध हे निमित्त.
आज परत शून्य-शून्य.
आज परत समोरचा एक गडी तांबडं कार्ड बघून
बाविसाव्या मिनिटाला बाहेर गेला,
आणि आमचं कॉलेज पुढचा सगळा खेळ
दहा जणांच्या दारात उभं,
वर्गणी मागायला आल्यासारखं.

यंदाची ही पाचवी खेप.
माझ्याकडं हिशेब आहे, उधारीच्या वहीत,
मागच्या पानापासून लिहीत आणलेला:
पाच वेळा एक गडी जास्त,
गोल एकही नाही,
खाल्लेले दोन.

नेमगोंडा मास्तरांनी कट्ट्यावर शेंगदाणे मांडले,
खारे, सालीसकट, अकरा. ते आपले.
समोर काडेपेटीतल्या दहा काड्या.
चेंडू म्हणून वेलदोडा.
"हितनं हितं पास. हितनं परत हितं. परत मागं.
अरे, गोलात मारायचाय का पाव्हण्यांत वाटायचाय?"
वेलदोडा फिरत राहिला
शेंगदाण्याकडून शेंगदाण्याकडं,
काड्या जागच्या हलल्या नाहीत.

शिकलगार म्हणाला, "सुरीला धार हाय,
मी सोता बघितलीय. कापायचं कुणी ते ठरंना."
आयुष्यभर कात्र्या लावल्यात त्यानं,
त्याला सगळ्या जगाचं दुखणं पात्यात दिसतं.
कुणी कोचवर घसरलं,
कुणी मैदानावरच्या खडीवर,
कुणी नव्या बुटांवर.
शेवटी सगळे येऊन थांबले डाव्या बगलेला,
श्रेणिकवर.
"मोकळा हुभा ऱ्हातोय, हात वर करून.
शाळेत उत्तर येतंय म्हणून दावल्यागत."
"आणि चेंडू आला की?"
"आला की मागं बघतोय."

कोंडूबाई धार काढत होती.
चरवीत फेस चढायचा आवाज, आणि त्यातनंच तिचं बोलणं,
मान वर न करता:
"ह्या चंद्रीचं एक आचळ मेलंय, दोन सालं झाली.
बाकीच्या तिनांस्नी ठावं हाय.
माप कवा कमी पडलं का तुमच्या पेल्यात?"
आम्ही पेल्यात बघितलं.
"त्यांच्यात कोण न्हाई, ते धाच्या धा जणांस्नी म्हाईत.
तुमच्यात जास्तीचा कोण, ते सांगा की एकाला तरी."

मास्तरांचं बोट हवेत तसंच राहिलं.
मी वही उघडली, लिहायला काही सुचेना,
तारीख तेवढी टाकली.

आणि तेवढ्यात लूना.
वडिलांची, एका बाजूला डबा बांधलेली.
श्रेणिक उतरला, गुडघ्याला पट्टी,
केसांत अजून मैदानाची धूळ.
एकदम सगळ्यांना पावसापाण्याची काळजी लागली,
शिकलगारनं चंद्रीच्या शिंगांची चौकशी केली.

त्याला कट्टा दिसला.
काड्या, शेंगदाणे, वेलदोडा.
वाकून बघितलं त्यानं, घाई न करता,
उजवीकडून मोजत आला,
आणि बरोबर डाव्या टोकाच्या दाण्यावर थांबला,
बाकीच्यांपासून चार बोटं लांब,
एकटा.
उचलला.
दोन बोटांत चोळून साल काढली,
फुंकर मारली,
खाल्ला.

कुणी काही बोललं नाही.
"मावशी, एक अर्धा," तो म्हणाला,
आणि उभ्यानंच प्याला, ओठावर फेस तसाच ठेवून,
डबा भरून घेतला,
पैसे सुटे दिले.

लूना पापाच्या तिकटीकडं वळून दिसेनाशी झाली.
मास्तर अजून कट्ट्याकडं बघत होते.
दहा काड्या. दहा शेंगदाणे.
त्यांनी वेलदोडा हळूच पुढं सरकवला,
दोन काड्यांच्या मधनं,
"आता बघ की," म्हणाले, "वाट झाली."

पुढची मॅच मंगळवारी.
खारे दाणे कुणी आणायचे यावर
घरी जाईतोवर वाद चालू होता.