रिकामं वजन

काएतान आधी हातोडी घेत नाही.
बोटाच्या मागच्या हाडाने
दारावर टकटक करतो, फणस बघावा तसा.
वर टणटण. मध्ये टणटण.
खाली, पायदानाजवळ, आवाज
ओल्या पुठ्ठ्याचा.
मग स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला
आणि तो मुठीपर्यंत आत.
"हांगा पत्रो ना," म्हणाला, "फकत रंग आसा."

एकोणनव्वदची मारुती. पांढरी, म्हणजे
कागदावर पांढरी.
सावर्ड्यात तेव्हा पांढरं काही टिकत नसे.
वाळत घातलेली बनियन, देवळाची पायरी,
इगर्जीची भिंत, सगळं ट्रकांच्या रंगाचं.
मी काट्यावर होतो. एकतीस वर्षं.
ट्रक चढायचा, आकडा थरथरून थांबायचा,
भरलेलं वजन, रिकामं वजन,
वजाबाकी, सही, पुढचा.
दिवसाला चारशे सह्या.
त्यातला एक दगड कधी हातात धरला नाही.
लोखंड म्हणजे कार्बनखालची निळी प्रत.

काएतानने दाराचं आतलं रेक्झिन उपसलं.
तळाशी तीन भोकं असतात, पाणी जायला.
मला माहीतच नव्हतं.
तिन्ही बुजलेली.
त्याने सायकलची तार घातली, फिरवली,
तसा लाल गाळ
त्याच्या चपलेवर ओघळला.
वाकून बघितलं. सगळा गंज नव्हता.
खनिज होतं. बारीक, जड, किंचित चकाकणारं.
आमच्याच काट्यावरून
पावतीशिवाय, रॉयल्टीशिवाय,
रोज थोडं थोडं माझ्या दारात बसून
घरी आलेलं.
ओलं राहिलं, पत्र्याला चिकटून राहिलं,
आणि त्याला हळूहळू पटवत गेलं
की तूही मूळचा मातीतलाच.

"डावं दारही बघ," मी म्हणालो,
आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं.

डावीकडे पुट्टी जाड निघाली.
तिचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांमागे बोळा
वर्तमानपत्राचा.
शिरोड्यातल्या नाटकाची अर्धी जाहिरात,
कुणाचं तरी बारावं.
काएतान खुशीत हसला,
"कोणें केलें हें? शाणो मनीस."

मी.
सत्त्याण्णव साली. सांग्याचा एक मास्तर
गाडी बघायला येणार होता रविवारी,
बायकोला, मुलीला घेऊन.
शनिवारी रात्री चाळीसच्या बल्बखाली
भोकात कागद कोंबला, वर पुट्टी, वर रंग,
अंगठ्याने गुळगुळीत.
मास्तर आलाच नाही.
मग ते दार मीच उघडत राहिलो, लावत राहिलो
सव्वीस वर्षं,
आणि विसरलो की फसवायचं होतं दुसऱ्याला.

काएतानला सांगितलं नाही.
सांगून हलकं वाटलं असतं, असंही नाही.

त्याने बॅटरीची वायर सोडली. गॅस पेटवला.
सडलेलं दिसतं त्याहून चार बोटं
जास्त कापायचं असतं म्हणे,
चांगला पत्रा लागेपर्यंत,
नाहीतर वेल्डिंग धरणार कशाला?
नवा तुकडा कुठल्याशा फ्रिजच्या पाठीचा.
त्यावर रेड ऑक्साइड, दोन हात.
गंज थांबवायचा रंग
गंजाच्याच रंगाचा असतो,
हे त्याला विचारलं, तर तो म्हणाला,
स्वस्त पडतो.

जुना पांढरा आता मिळत नाही.
मिळतो तो फारच पांढरा.
चवथीनंतर बघू, म्हणाला. बरं, म्हटलं.
कापलेले तुकडे भंगारासाठी बाजूला पडले होते.
उचलले, तर बिस्किटासारखे
हातातच मोडायला लागले.
किती असतील, दीड किलो?
आमचा काटा दहाच्या खाली
काही ओळखायचा नाही.

कुडचड्याहून घरी आलो, दार लावलं.
कितीतरी वर्षांनी ते
दारासारखं वाजलं.
कुणी बघत नाहीसं पाहून वाकलो,
जोडापाशी हाडाने टकटक केलं.
टणटण.
ऑक्साइड अजून ओलं होतं.
नळाखाली बोटं धरली, साबण लावला,
मग रॉकेल.
नखांच्या कडेला राहिलंच थोडं.
बायको म्हणाली, काय हे,
काट्यावर असताना तर
कधी असे हात घेऊन आला नाहीत.