स्थानिक नाव

अंजनेरीच्या दुसऱ्या टप्प्यावर, कातळाच्या कडेला
वीतभर उंचीचं हे फूल.
कॉलेजच्या मॅडमनी रकान्यावर पेन टेकवलं :
स्थानिक नाव?

मी म्हणालो, खरपुडी.
लहवू म्हणाला, हामण.
पुस्तकात कंदीलपुष्प आहे म्हणे,
पण उजेड कुठं पडतो त्याचा?
माशी तेवढी आत शिरते,
रात्रभर अडकते,
सकाळी पराग माखून सुटते.

धोंडाई मावशीला विचारलं.
गुरं वळताना ती कंद उकरायची,
पदराला पुसून कचकन दाताखाली.
काकडीसारखा, मागून जरा तुरट.
पोरं म्हणायची, मावशे, पाणगोळी दे.
तिच्या लेखी नाव तेवढंच.

मॅडमनी तेही लिहिलं.
मग विचारलं, नेमकं कुठं उगवतं, किती खोल?
मावशी ब्रह्मगिरीकडं बघत राहिली.
बारक्याला हात लावू नये, बाई.
मोठा काढला तर डोळ्याची फोड
परत पुरावी.

पेन थांबलं. त्याला रकाना नव्हता.

उतरताना लहवूनं हळूच खिसा दाखवला :
एक कंद, माती अजून ओली.
"डोळा पुरलाय," म्हणाला,
आणि अर्धा मोडून मॅडमपुढं धरला.
त्यांनी वास घेतला,
वहीकडं पाहिलं,
खाल्ला.