शेरा

पुस्तक जुनंच घेतलं, निम्म्या किमतीत,
जामनेर रोडवरच्या दुकानातून.
पहिल्या पानावर निळ्या शाईत : निलिमा फेगडे, तिसरं सत्र.
तिने अधोरेखित केलंय तेवढंच मी आधी वाचतो,
रात्रपाळीचा डबा खाऊन, शेडच्या पंख्याखाली.
पानांच्या कोपऱ्यांना ग्रीस लागत जातं.

बेचाळिसाव्या वर्षी डिप्लोमा.
पोरं काका म्हणतात. बाकं अरुंद आहेत.

तांत्रिक लेखन, प्रकरण चौथं : सूचना.
एका वाक्यात एकच कृती.
वाक्याची सुरुवात क्रियापदाने करा.
मराठीत क्रियापद शेवटी येतं
हे पुस्तकाला कुणी कळवलेलं दिसत नाही.
समासात निलिमाने पेन्सिलीने विचारलंय : मग काय करू?

स्वाध्याय : घरातल्या एखाद्या कामाच्या सूचना लिहा
आणि दुसऱ्याकडून ते काम करवून घ्या.
मी भरीत लिहिलं. नऊ पायऱ्या.
वांगी तुरीच्या काट्यांवर भाजा. सोला. बडगीत ठेचा.
हेमलताने कागद ओट्यावर ठेवला, वर पाण्याचा तांब्या,
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझं सगळं ऐकलं.
पहिल्या घासाला मी तिच्याकडे पाहिलं.
मीठ?
“लिहेल नव्हतं,” ती म्हणाली,
आणि शांतपणे जेवत राहिली.

प्रकरण सातवं, दोष-अहवाल, मी त्या घासानंतर वाचलं.

शेडमध्ये जुनी लॉगबुकं आहेत,
सुपडू मिस्त्रींच्या अक्षरातली, उजवीकडे कललेली.
‘त्रेसष्ट नंबर कन्हते आहे.’
‘एकोणऐंशी आज रुसलेली.’
आणि पुन्हा त्रेसष्टखाली, चौदा वेळा मोजलं मी :
‘तिचं तेच. नेहमीसारखं केलं.’

नेहमीसारखं म्हणजे काय
हे शेडमध्ये आता कुणालाच माहीत नाही,
आणि त्रेसष्ट नंबर परवा पुन्हा कन्हत आली.

साकेगावला गेलो. मिस्त्री ओट्यावर, खाटेवर.
शेडने पगार दिला, पेन्शन दिली, कान ठेवून घेतले.
मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून धरलं :
आवाजाचं स्थान? वारंवारता? वेग किती असताना?
त्यांनी ते परीक्षेच्या पेपरसारखं दोनदा वाचलं.
“ते सांगता नाही येत भो, आयकावं लागते.”
मग बोटांच्या पेरांनी खाटेच्या गातावर वाजवलं.
टक टक. थांबले. ठक्.
पुन्हा. पुन्हा तसंच.
स्वतःला ऐकू न येणारा आवाज
ते मला न चुकता वाजवून दाखवत होते,
आणि डावा हात हवेत पाना धरल्यासारखा फिरत होता,
पाऊण फेरी, जास्त नाही.

रात्री मी रकाने भरले.
स्थान : तिसरी मोटर, डावी बाजू.
स्वरूप : दोन हलके ठोके, विराम, एक जड.
वेग : तिशीच्या आत.
उपाय : गिअर-केसचा मागचा बोल्ट पाऊण फेरी आवळण्यात आला.
आवळण्यात आला.
कुणी, ते पुस्तकाला नको असतं.

शेवटी शेरा असा एक रकाना उरतो, बोटभर रुंद.
त्यात लिहिलं :
सुपडू मिस्त्रींनी खाटेवर वाजवून दाखवलं.

तोच अहवाल कॉलेजात स्वाध्याय म्हणून दिला.
मॅडमनी शेऱ्याभोवती लाल गोल केला.
व्यक्तिनाम टाळावे. एक गुण वजा.
बाकी सगळं बरोबर होतं.

लॉगबुकात मात्र तो शेरा तसाच आहे.
मागच्या आठवड्यात पहाटपाळीच्या नव्या पोराने
कुणाला न विचारता बोल्ट शोधला,
आणि नंतर मला विचारलं, कोणती खाट?

परीक्षा झाली की पुस्तक विकेन, निम्म्याच्या निम्म्यात.
निलिमाच्या त्या प्रश्नाखाली
अजून थोडी जागा आहे.