खोली

कामगार दिनाच्या आत अहवाल हवा आहे:
संस्थेकडे मैदानाच्या दोन्ही कोपऱ्यांत
किती खोली आहे.
मी अजून मराठीतच विचार करते,
त्यामुळे दर वर्षी हा शब्द मला फसवतो.
ते विचारतायत विहिरीच्या खोलीबद्दल.
मला दिसते दहा बाय बाराची,
सहा पोरं, दोन खाटा,
आणि एकच दार, तेही वरच्या मजल्याकडे उघडणारं.

ओटम्वा, आयोवा. पुलाजवळच्या कारखान्यात
डुकरं कापणाऱ्यांची पाळी सुटलीय,
वारा फिरला की उजव्या कोपऱ्यात वास येतो.
व्हर्न कॅसिडी, वय एकाहत्तर, नाक मुरडत नाही.
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकतो.
त्याच्या मुठीत स्टॉपवॉच, माझ्या मांडीवर लॅपटॉप.
गेली चार वर्षं आमचं एकाही पोराबद्दल
पहिल्या दिवशी एकमत झालेलं नाही.

डावा कोपरा.
विल्किन अल्मांझार, एकोणीस.
त्याच्या बॅटचा आवाज ऐकून
आइस्क्रीमच्या रांगेतले लोकही मान वळवतात.
वळणारा चेंडू मात्र त्याला दिसत नाही:
फसतो, हसतो, पुन्हा फसतो.
रोज रात्री आईला फोनवर सांगतो, जेवलो.
हे शेवटचं कुठल्या रकान्यात लिहायचं?
ब्रॅडी स्कोग्लंड, बावीस.
सही करतानाच इतके पैसे मिळालेत
की त्याला बाकावर बसवायची कुणाची छाती नाही.
त्यांच्यामागे दोघे, तिसऱ्या बेसवरून हाकललेले.
ज्याचं काय करावं कळत नाही
त्याला कोपऱ्यात उभं करायचं,
हे आमच्या शाळेतही होतं.

मोजपट्टी वीस ते ऐंशी.
शून्य कुणालाच नाही, शंभरही नाही.
पळणं, फेकणं, झेलणं, मारणं, लांब मारणं,
आणि शेवटी एक रकाना: भविष्य.
तिथेही आकडाच लागतो.

उजवा कोपरा.
डेशॉन पेटिग्रू, एकोणतीस.
कोपऱ्यातला काना काढला की उरतं कोपर;
त्याच्या कोपरातून सर्जनने काय काय काढलं
त्याची यादी फायलीत आहे.
फेकणं: एके काळी सत्तर, आता तीस.
भविष्य: मी वीस टाइप करून ठेवलंय,
सामना सुरू व्हायच्या आधीच.

सातवा डाव. पहिल्या बेसवर एक उतावळा पोरगा.
चेंडू उजवीकडे उडाला, बुटका, अर्धवट,
पेटिग्रूच्या पुढ्यात पडणार हे मला दिसत होतं.
पण तो थांबला. हातमोजा छातीशी नेला,
खांदे सैल सोडले,
जणू भाजीची पिशवी घ्यायला दारात आलाय.
पहिल्या बेसवरचा पोरगा जागीच गोठला.
चेंडू गवतावर टप्पा खाऊन थेट मोज्यात,
आणि तिथून दुसऱ्या बेसकडे
छोटी, बिनताकदीची, पुरेशी फेक.
बाद.

व्हर्ननं स्टॉपवॉच बंदच केलं नव्हतं.
"हे मोजता येत नाही," म्हणाला,
आणि मग, पेल्याकडे बघत,
"सोमवारी सोडतायत त्याला. वरून फोन आला होता."

मी रकान्यावर बोट ठेवून बसले.
वीसचा पन्नास केला, पन्नासचा वीस.
खोटं लिहिलं तर माझंही नाव खाली असतं.

आठव्या डावात कुणीच काही मारलं नाही.
मी सहज डावीकडे पाहिलं:
अल्मांझार, त्याच्याकडे चेंडू येणार नसताना,
हातमोजा छातीशी नेत होता,
खांदे सैल सोडत होता. चुकलं.
पुन्हा.
पलीकडून, अख्खं मैदान मध्ये ठेवून,
पेटिग्रूनं मान हलवली, तसं नाही,
आणि हळूच करून दाखवलं.

व्हर्ननं शेंगदाण्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली.
वारा फिरला होता.
लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के.