मूल्यमापन, लेडबरीजवळ

स्टेशनवर न्यायला ग्लिनिस प्रॉसर आल्या.
व्हॅनच्या सीटवर त्यांनी पोतं अंथरलं होतं, माझ्यासाठी.
"कपडे खराब होतील," म्हणाल्या आणि हात पुढे केला,
ज्याच्या रेषा कुणालाही लांबून वाचता याव्यात.

माझ्याकडे चौदा पानं, सहा उद्दिष्टं,
प्रत्येकाखाली तीन निर्देशक,
आणि सप्टेंबरच्या ओलाव्यात न उतरणारं पेन.

लक्ष्य: बाराशे पिशव्या कोळसा.
साध्य: सातशे एकेचाळीस.
तफावतीचं कारण लिहायला दीड ओळ.

कारण बघायला आम्ही टेकडी चढलो.
हेझलच्या दाटीत, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर,
वेलीच्या सालीचं विणलेलं मोसंबीएवढं घरटं.
"डॉरमाउस," त्या कुजबुजल्या,
कुणाचं तरी बाळ आत्ताच झोपल्यासारखं.
म्हणून गेल्या हिवाळ्यात हा तुकडा तोडलाच नाही.
कुणाला विचारलंत?
त्यांनी घरट्याकडे हनुवटी केली.
मी लिहिलं: स्थानिक रहिवाशांशी सल्लामसलत झाली.

मग भट्टी. लोखंडी कडं, झाकण, चार धुराडी.
धूर आधी पांढरा: लाकूड अजून पाणीच ओकतंय.
मग पिवळट, घशाला झोंबणारा.
मग निळा. निळा झाला की धावायचं,
मातीनं सगळी तोंडं लिंपायची,
नाहीतर सकाळी नुसती राख.
"निळा म्हणजे किती निळा?" मी विचारलं.
कॉलम, एकोणीस वर्षांचा, निर्देशक ४.२ मधला 'प्रशिक्षित युवक',
म्हणाला, "तीन रात्री जागा. मग विचारणार नाही."

चिपळूणला बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं.
लोणारी कोळसा घेताना ते दोन तुकडे
कानाशी नेऊन एकमेकांवर आपटायचे.
खण्ण वाजला तर पोतं आत, ठप्प झाला तर परत.
कोळसेवाली पायरीखाली उभी असायची, डोक्यावर दुसरं पोतं तसंच,
आणि तीही कान द्यायची,
स्वतःचाच माल पहिल्यांदा ऐकल्यासारखी.
किती रात्री जागलीस, असं बाबांनी विचारलं नाही.
मी गल्ल्याजवळ बसून पाढे लिहायचे. मीही नाही.

आज मी पान उलटते
आणि ग्लिनिसबाई बोलता बोलता थांबतात,
कान देऊन.

चहा पिताना त्यांना म्हण सांगितली:
कोळसा उगाळावा तितका काळाच.
त्यांनी ती दोनदा समजावून घेतली.
"पण उगाळता कशाला?" म्हणाल्या. "पेटवा की."

रकाना नऊ, शाश्वतता, एक ते पाच गुण.
बाहेर तोडलेल्या खोडांना धुमारे फुटलेत,
हरणांनी खाऊ नयेत म्हणून भोवती काटक्यांची कुंपणं.
प्रकल्प तीन वर्षांचा.
हेझल सात वर्षांनी तोडायला येतं.
हे दोन आकडे पहिल्याच बैठकीत
एका टेबलावर कुणी कसे ठेवले नाहीत?
(त्या बैठकीला मीही होते. सँडविच चांगली होती.)

शिफारशीत लिहिलं: मुदतवाढ, चार वर्षं.
खोडलं.
लिहिलं: एक हेझल.
तेही खोडलं, कारण लेखापरीक्षक.
मग पुन्हा लिहिलं.

गाडीत, वूस्टर यायच्या आधी,
नमुना म्हणून दिलेली पिशवी उघडली,
दोन तुकडे कानाशी नेले.
समोरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर केली.

काय वाजलं ते अहवालात नाही.
सातव्या पानावर बोटांचे काळे ठसे आहेत,
ऑफिसनं ते स्कॅन करताना पुसायला सांगितलेत.