हँडलिंग चार्जेस

शिरोलीच्या हायवेला शोरूम.
काच इतकी स्वच्छ
की शालननं दारात चप्पल काढायला पाय उचलला.
मी म्हटलं, अगं, राहू दे.

पोराच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नाव: अभिनंदन मगदूम.
"अजून काय ठरलं न्हाई, आणि अभिनंदन,"
ती माझ्या कानात पुटपुटली,
मग मोठ्यानं,
"महापुरातली नव्हे न्हवं रे बाळा, ही गाडी?"

पोरगं हसलं. पाणी आणलं, मग चहा.
चहा आला की भाव चढतो
हे मिरचीच्या बाजारात वीस वर्षं घालवून ती शिकलीय.
तिनं कप बाजूला सारला.
डिकी उघडायला लावली,
विती मोजल्या, एक, दोन, पाच,
आत मान घालून म्हणाली,
"मसाल्याची चार पोती बसतील. पाचवं तुमच्या मांडीवर."
सीटचं कापड चिमटीत धरलं.
संकेश्वरी मिरचीचा देठ मोडताना धरते तसं,
आणि तेव्हासारखंच बघत राहिली
मालाकडं नव्हे, विकणाऱ्याच्या तोंडाकडं.

मी गप्प.
बावीस वर्षं फौंड्रीत साचे भरणाऱ्याला
भाव करायची सवय कुठली?
आमचा भाव किलोवर,
आणि तो दुसरंच कुणीतरी करतं, एसीत बसून.

कागद आला.
एक्स-शोरूम. आरटीओ. विमा. फास्टॅग.
मडफ्लॅप, मॅट, कसलं तरी कोटिंग.
बेरीज आठ लाख बारा हजार
आणि बेरजेच्या जरा वर, अंग चोरून बसलेलं,
हँडलिंग चार्जेस: सहा हजार पाचशे.

"हे काय?"
"हाताळणी, काकू. गोडाऊनमधनं इथवर आणायची, पुसायची..."
"कुणी हाताळली?"

अभिनंदन थांबला.
मी टेबलाखाली माझे हात बघितले.
नखांच्या कडेला काळी वाळू,
दिवाळीच्या उटण्यानंही न निघालेली.
उजव्या मनगटावर लोखंडाचा एक थेंब,
सत्त्याण्णव साली उडालेला, आता नुसता पांढरा.
बोलायचं होतं. शालन बोलत होती.

तो साहेबाच्या केबिनमध्ये गेला.
काचेपलीकडं त्याचे ओठ हलताना दिसत होते,
साहेबानं मान वर केली नाही.
भिंतीवरच्या फळ्यावर पोरांची नावं, नावापुढं आकडे:
अभिनंदन, सात पैकी चार.
"आज तीस तारीख," शालन म्हणाली
आणि पदर नीट करून खुर्चीत मागं टेकली.
आता तिला घाई नव्हती.

तो परत आला, कान लाल.
"हँडलिंग काढलं, काकू. मॅटचे तेवढे द्या."
"मॅट बी."
"...बरं. मॅट बी."

पेननं त्यानं ओळ खोडली, एकदा, पुन्हा एकदा.
शालननं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.
मग तिनं तो चहा उचलला, साय धरलेला,
आणि एका दमात प्याली.

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू?
पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा
हाताळण्याचे पैसे कुणीतरी कागदावर छापले होते,
आणि ते आम्हीच खोडायला लावले.

बुकिंगचे एकवीस हजार तिच्या पिशवीतनं निघाले.
नोटा मोजताना अभिनंदनला तीनदा शिंक आली.
"कांदा-लसूण," ती म्हणाली, "घरचा. पुढच्या वेळी डबा आणते."

निघताना मी बॉनेट उघडायला सांगितलं.
खाली वाकून, नळ्यांच्या, वायरींच्या गर्दीतनं वाट काढत
ब्लॉकवर दोन बोटं टेकवली.
आमच्याकडचा असेलच असं नाही.
गार होता. मी ओळखतो ते सगळे लाल असतात.

"काय बघताय?" शालननं विचारलं.
"काय न्हाई. वतलंय चांगलं."